रायनच्या करारातली ७५ लाखांची ओळ

मॅट रायन हा अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू. त्याच्या करारातली एक ओळ मला तोंडपाठ होती. १८ मार्च २०२२, शुक्रवार, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे दुपारचे चार. पुण्यात तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला आणि शनिवार लागलेला असणार. त्या वेळी रायन अटलांटा फाल्कन्सच्या खेळाडूंच्या यादीत असेल, तर संघाने त्याला ७५ लाख डॉलर द्यायचे. तेव्हाच्या भावाने साधारण ५७ कोटी रुपये. त्यासाठी एकही सामना खेळायची अट नाही, सरावाला हजर राहण्याची नाही. यादीत नाव असलं की झालं. अमेरिकन फुटबॉलमध्ये ह्याला रोस्टर बोनस म्हणतात.

मी पुण्यात ज्या कंपनीत आहे तिथे आम्ही अमेरिकेतल्या खेळाडूंच्या करारांचा डेटा ठेवतो. कोणाला कोणत्या वर्षी किती पगार, किती बोनस, आणि त्यातला किती भाग संघाच्या त्या वर्षीच्या खर्चमर्यादेत, म्हणजे सॅलरी कॅपमध्ये, धरायचा, हे सगळं ओळीओळीने भरायचं. मी कॉमर्सची. लेखापरीक्षणातून इथे आले आणि रमले. लोकांना हे काम रुक्ष वाटतं. मला कधीच वाटलं नाही. मैदानावरचा निकाल सगळ्या जगाला दिसतो, पण दोन वर्षांनी मैदानात कोण असेल हे बऱ्याचदा ह्या ओळींमध्ये आधी दिसतं.

त्या आठवड्यात आमच्या टीम लीडनी, आम्ही त्यांना सर म्हणतो, मला रायनचा तक्ता करायला सांगितला. चार रकाने. ठेवला तर काय, बोनसआधी ट्रेड केला, म्हणजे दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात काही घेतलं, तर काय, बोनस देऊन ट्रेड केला तर काय, सोडून दिला तर काय.

रायन २०२२ मध्ये अटलांटाकडून खेळला असता, तर कॅपमध्ये त्याचे ४ कोटी ८६ लाख ६२ हजार ५०० डॉलर धरले गेले असते. त्या वर्षी प्रत्येक संघाची मर्यादा होती २० कोटी ८२ लाख. म्हणजे एका खेळाडूवर जवळजवळ चौथा हिस्सा. त्याचा प्रत्यक्ष पगार आणि रोस्टर बोनस मिळून मात्र २ कोटी ३७ लाख ५० हजारच होते. उरलेलं सगळं जुनं देणं. २०१८ मध्ये त्याने पाच वर्षांचा १५ कोटी डॉलरचा करार केला, वर्षाला सरासरी ३ कोटी मिळवणारा तो लीगमधला, म्हणजे एनएफएलमधला, पहिला खेळाडू ठरला. पुढे संघाला जागा कमी पडली की त्याचा पगार बोनसमध्ये बदलून घ्यायचे. पैसे त्याला लगेच मिळायचे, हिशेबात मात्र ते पुढच्या वर्षांवर वाटले जायचे. २०२१ मध्येही तेच केलं. खेळाडूचं त्यात काही जात नाही, पण पुढच्या वर्षांच्या अंगावर ओझं चढत जातं, आणि खेळाडू गेला की ते उरलेलं ओझं एकदम चालू वर्षात येऊन पडतं. खेळाडू नाही, पण त्याचे पैसे कॅपमध्ये. हे डेड मनी.

शेजारची मुलगी नवीन होती. तिने माझा तक्ता बघून विचारलं, "अगं, मग हे ४ कोटी त्याला परत मिळणार?"

"नाही गं. ते त्याला कधीच मिळून गेलेत. आता नुसता हिशेब पूर्ण करायचाय."

रायन १८ तारखेच्या आधी गेला, तर अटलांटाच्या माथी ४ कोटी ५ लाख २५ हजार डॉलरचं डेड मनी येणार होतं. लीगच्या इतिहासात एका खेळाडूमागे तोवर एवढं कोणी सोसलं नव्हतं. आधीचा विक्रम होता ३ कोटी ३८ लाखांचा, फिलाडेल्फियाने २०२१ मध्ये कार्सन वेंट्झला पाठवलं तेव्हाचा. एवढं सोसून त्या वर्षी वाचणार किती? ८१ लाख. आणि बोनस देऊन मग पाठवला, तर ६ लाख ३७ हजार. चौथ्या रकान्याला तर अर्थच नव्हता, कारण सोडून दिल्यावर बदल्यात काहीच मिळत नाही. ७५ लाख दिल्यावर दार जवळजवळ बंदच होत होतं. त्यामुळे जे काही करायचं ते तारखेच्या आत.

ह्या तारखा करारात कोण घालतं, तर बहुतेक वेळा खेळाडूचा एजंट. ह्या लीगमधल्या करारांतले बरेचसे पैसे हमीचे नसतात. कागदावर पाच वर्षं असली तरी संघ तिसऱ्या वर्षी हात झटकू शकतो. आणि संघाला घाई नसते. जूनपर्यंत थांबून, दुसरा कोणी मिळाला की जुन्याला सोडता येतं. तोवर बाकी एकतीस संघांनी आपापला क्वार्टरबॅक ठरवलेला असतो, पैसे संपलेले असतात, आणि पस्तिशी ओलांडलेल्या माणसाला कुठे जागा उरत नाही. म्हणून एजंट मोठी रक्कम मार्चच्या मध्यावर, लीगचं नवं वर्ष सुरू होताच ठेवतात. २०२२ मध्ये ते वर्ष १६ मार्चला सुरू झालं आणि रायनची तारीख तिसऱ्या दिवसाची होती. ठेवणार असाल तर पैसे टाका, नसाल तर बाजार उघडा आहे तोवर सांगा. बोनसवाल्या खेळाडूंना लोक लोभी म्हणतात तेव्हा मला राग येतो. त्या ओळीत पैशाइतकाच वेळेवर उत्तर मिळण्याचा हक्क लिहिलेला असतो.

रायन त्या मे महिन्यात सदतीस वर्षांचा होणार होता. २००८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, अटलांटाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा लाडका क्वार्टरबॅक मायकल व्हिक कुत्र्यांच्या झुंजींच्या प्रकरणात तुरुंगात गेला होता. तिथून ह्या माणसाने चौदा हंगाम संघ चालवला आणि चौदा हंगामांत फक्त तीन सामने चुकवले. २०१६ चा सर्वोत्तम खेळाडू तो. त्याच हंगामाच्या शेवटी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, २८-३ अशी आघाडी असताना संघ जादा वेळेत ३४-२८ ने हरला. अटलांटाच्या माणसाला ते दोन आकडे कोणी नुसते ऐकवले तरी पुरतं.

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे फुटबॉलचे सामने बघत वाढले. एका तालमीचा जुना खेळाडू दुसऱ्या तालमीच्या जर्सीत उतरला की पेठेत महिनाभर घराघरांत तोच विषय. त्यामुळे अटलांटात लोकांच्या पोटात काय कालवत असेल हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पण त्या मार्चमध्ये अटलांटाने ज्या वाटेने पाऊल टाकलं ते मला पटलं नाही, आजही पटत नाही. ते ह्यूस्टनचा क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसन ह्याच्या मागे लागले. वॉटसन जॉर्जियातल्या गेन्सव्हिलचा, पोरवयात फाल्कन्सचा बॉल बॉय होता, मालक आर्थर ब्लँक त्याला तेव्हापासून ओळखत होते. त्याच्यावर २२ महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावलेले होते. ११ मार्चला टेक्सासमधल्या ग्रँड ज्युरीने फौजदारी आरोप ठेवायला नकार दिला आणि लगेच संघांची रांग लागली. दावे तसेच उभे होते. चौदा वर्षं संघासाठी उभ्या राहिलेल्या माणसाला ताटकळत ठेवून ही बोलणी चालली होती, आणि तीही चोरून नाही, सगळ्या देशाला दिसत होती.

इथेच ती तारीख आडवी आली. शुक्रवारच्या आत वॉटसनचं काही ठरेल असं दिसेना. मग रायन आणि संघ मिळून बोनसची मुदत २२ मार्च, मंगळवारपर्यंत पुढे ढकलायला तयार झाले. ही बातमी आली तेव्हा मी ती ओळ बदलली आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. करारातली तारीख संघाला एकट्याला हलवता येत नाही. खेळाडूची सही लागते. ज्याला बाजूला सारायचं चाललं होतं त्याच्याकडेच वेळ मागायला जावं लागलं. रायनने नकार दिला असता, तर शुक्रवारी चारला संघाला ७५ लाख टाकावे लागले असते नाहीतर घाईघाईत त्याला कुठेतरी पाठवावं लागलं असतं. त्याने वेळ दिला. मला वाटतं, तो वेळ त्याने स्वतःसाठीही घेतला.

सरांना माझं म्हणणं भावनिक वाटलं. "तू रायनकडे बघतेस. संघाच्या बाजूने बघ. टेरी फॉन्टनो जनरल मॅनेजर म्हणून २०२१ मध्ये आला. ही देणी त्याला आयती मिळाली. कधीतरी कोणालातरी हे पान बंद करावंच लागणार."

"पण सर, २०२१ मध्ये त्यानेही तेच देणं वाढवलं ना?"

"वाढवलं. म्हणूनच आता थांबवतोय."

१८ मार्चचा तो शुक्रवार म्हणजे धुळवडीचा दिवस. लोकांच्या केसांतला रंग निघाला नव्हता आणि आम्ही रात्री कामावर. मध्यरात्रीनंतर बातमी आली, वॉटसनने क्लीव्हलँड निवडलं. त्यांनी त्याला पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर दिले, सगळेच्या सगळे हमीचे. अटलांटाच्या हाती काही लागलं नाही. आमच्या तक्त्यातला "ठेवला तर" हा रकाना कागदावर अजून शिल्लक होता, पण ज्या माणसाने आठवडाभर आपल्या खुर्चीसाठी दुसऱ्याशी चाललेली बोलणी ऐकली त्याला आता ठेवणार कसं?

सोमवारी, २१ तारखेला, ट्रेड झाला. रायन इंडियानापोलिसला. बदल्यात अटलांटाला २०२२ च्या ड्राफ्टमधला तिसऱ्या राउंडचा एक पिक, म्हणजे खेळाडू निवडण्याची एक पाळी, क्रमांक ८२. बस. इंडियानापोलिसने बारा दिवसांपूर्वीच वेंट्झला वॉशिंग्टनला धाडलं होतं, त्यांची क्वार्टरबॅकची जागा रिकामी होती, आणि सर्वांना ते माहीत होतं. म्हणजे रायनला एक खरी जागा मिळाली. ती जूनमध्ये उरली असती का? माझ्या मते नाही.

आमच्याकडे त्या संध्याकाळी कामाचा नुसता लोंढा. रायनची ओळ अटलांटाच्या पानावरून काढायची आणि इंडियानापोलिसच्या पानावर लावायची. पण करार सबंध जात नाही, दुभंगतो. पगाराचे १ कोटी ६२ लाख ५० हजार आणि बोनसचे ७५ लाख नव्या संघाकडे. जुन्या बोनसांचं वाटप मागे. अटलांटाने त्याच दिवशी मार्कस मॅरिओटाशी करार केला, प्रशिक्षक आर्थर स्मिथ टेनेसीत असताना तो त्यांच्याकडे खेळलेला होता. त्याची ओळ मी भरली, आणि मग पान आकड्यांच्या उतरत्या क्रमाने लावलं. सर्वात वर कोण आलं? मॅट रायन. मैदानात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या वर, तिथे नसलेल्या माणसाचे ४ कोटी ५ लाख २५ हजार. मॅरिओटा खूप खाली. पूर्ण कॅपचा जवळजवळ पाचवा हिस्सा एका रिकाम्या जागेवर.

नवीन मुलीने परत विचारलं, "मग एवढं करून त्यांनी मिळवलं काय?"

सरांनी मागून उत्तर दिलं, "२०२३."

ह्यात सर बरोबर निघाले, हे मी मान्य करते. पुढच्या वर्षी अटलांटाचं पान मोकळं झालं आणि मार्च २०२३ मध्ये त्यांनी जेसी बेट्ससारखा बचावपटू चार वर्षांसाठी घेतला. रायनसाठी मात्र इंडियानापोलिस वाईट ठरलं. ऑक्टोबरमध्ये त्याला बाकावर बसवलं, नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक फ्रँक राइकना काढलं, आणि परत खेळायला उतरवलेल्या रायनच्या संघाने डिसेंबरमध्ये मिनेसोटाविरुद्ध ३३-० ची आघाडी घालवली, लीगच्या इतिहासातली सर्वात मोठी. एप्रिल २०२४ मध्ये त्याने अटलांटाचा खेळाडू म्हणून निवृत्ती घेतली. लोकांनी त्याला परत आपलं म्हटलं ह्याचा मला फार आनंद झाला.

पण त्या तारखेबद्दलचं माझं मत दुसऱ्या एका माणसामुळे अधिक पक्कं झालं, आणि थोडं बदललंही. मार्च २०२४ मध्ये ह्याच अटलांटाने क्वार्टरबॅक कर्क कझिन्सला चार वर्षांच्या १८ कोटींच्या करारावर घेतलं, आणि दीड महिन्यात ड्राफ्टच्या पहिल्या राउंडमध्ये मायकल पेनिक्स ह्या नव्या क्वार्टरबॅकलाही. हंगाम संपायच्या आत कझिन्सची जागा पेनिक्सकडे गेली. त्याच्याही करारात ओळ होती. १७ मार्च २०२५ ला तो यादीत असेल, तर २०२६ चे १ कोटी डॉलर हमीचे. कझिन्सला दुसरीकडे जाऊन खेळायचं होतं. त्या रात्री मी पुन्हा शिफ्टवर होते. दीड वाजला, तारीख उलटली, संघाने त्याला सोडलं नाही की पाठवलं नाही. १ कोटींसमोर मी "हमी" लिहिलं.

"बघ, मिळाले ना त्याला पैसे," सर म्हणाले.

मिळाले. पण संघ पैसे टाकायला तयार असेल, तर ती ओळ खेळाडूला बाहेर काढू शकत नाही, एवढंच. तेव्हापासून करार आला की मी रोस्टर बोनसच्या तारखेशेजारी आणखी एक गोष्ट बघते, ट्रेडला नकार देण्याचा किंवा आपला संघ निवडण्याचा हक्क खेळाडूला दिलाय का. बहुतेक करारांत ती ओळ नसते.