आमची वाटचाल : नंदी, कासव आणि ओतकाम

वडिलांनी आणि कोल्हापूरकडच्या एका ओतारी मेस्त्रींनी भागीदारीत साकीनाक्याला भट्टी टाकली ती यंत्रांचे व्हॉल्व्ह आणि बुश ओतायला. गनमेटल, ८५-५-५-५ : तांबं ८५ टक्के, कथील, शिसं आणि जस्त पाच-पाच. देवाच्या वाहनांकडे आम्हाला वळवलं मेस्त्रींनी. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर साचा, मग मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातू. मेणात राळ किती घालायची हे ते हवा बघून ठरवत. मेणाचा नंदी तयार झाला की आधी वजनकाट्यावर, मग त्याच्या साधारण दहापट धातू मुशीत. मेण तोलून धातू ठरवायची ही रीत बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’तही आहे. मेस्त्रींनी तो ग्रंथ पाहिलाही नव्हता. त्यांची पितळी कोरणी माझ्याकडे आहे, ती मी कुणाच्या हाती देत नाही.

नंदी म्हणजे शोभेचा बैल नव्हे. भाविक त्याच्या शिंगांमधून पिंडीचं दर्शन घेतो, म्हणून आम्ही आधी देवळात जाऊन गाभाऱ्यापासून दोरी धरतो आणि मगच चौथऱ्याची उंची व शिंगांमधली फट ठरवतो. एक पुढचा पाय दुमडलेला, दुसरा उठायच्या तयारीत: आज्ञा झाली की निघायचं. तो पाय चुकला तर भक्ती गेली, उरला नुसता धातू.

हे सगळं आमच्याकडून एकाने फुकटात नेलं. नाव लिहीत नाही, धंद्यातल्यांना कळेल. डागडुजीच्या नावाखाली त्याने आम्ही बसवलेल्या नंदीवरूनच रबराचा साचा उचलला. पण ओतीव धातू निवताना शेकडा दीडच्या आसपास आकसतो, मेण आकसतं ते वेगळंच. आमचा तीन फुटी नंदी त्याच्याकडे बोटभर आखूड निघाला. घुंगुरमाळेवर मेस्त्रींच्या कोरणीची तिरकी खूण मात्र जशीच्या तशी! पत्रा पातळ, कथलाच्या जागी भंगार पितळ, भाव आमच्या निम्मा. एका मोठ्या देवस्थानाने आमची ऑर्डर रद्द करून त्याला दिली, तेव्हा तांबा काट्याच्या धातुबाजारातून उचललेला माल आमच्या गाळ्यात पडून होता. कारागिरांचे पगार थकले, पत्नीच्या पाटल्या गहाण पडल्या. वडिलांनी त्या धक्क्यानंतर भट्टीकडे येणं सोडलं. मला ते अजून सलतं.

त्या दिवसांत गिरगावातले एक विश्वस्त काका आले. उघड्या प्रांगणात कासव हवं होतं. त्यांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं अवयव आवरून घेणारं कासव सांगितलं, मग संतांची कासवी, नुसत्या नजरेने पिलं पोसणारी. म्हणाले, “पाय आत ओढल्यासारखे वाटू देत, पण डोळे देवाकडे उघडे हवेत.” मेणात ते साधेपर्यंत मेस्त्रींनी मान कितीदा मोडून पुन्हा केली. काकांनी सगळे पैसे आगाऊ दिले, भाव केला नाही. पाटल्या सोडवल्या त्या याच पैशातून. पुढची वर्षं कामात गेली.

विश्वस्त मंडळींना एवढं सांगेन. ‘पंचधातू’ ऐकून खूश होऊ नका, मिश्रणाचं प्रमाण लिहून घ्या. उघड्यावरच्या पोकळ मूर्तीला पोटाखाली पाणी निचरायला भोक हवंच. मूर्ती चौथऱ्याला धरणारे नांगर बोल्ट स्टेनलेसचे घ्या, साधं लोखंड ब्राँझला लागून खाऱ्या हवेत लवकर गंजतं. चिंच-लिंबाने घासू नका, वरचा रंगाचा थर निघून जातो. पावसाळ्याआधी मूर्ती धुऊन पूर्ण कोरडी करा आणि मेणाचा पातळ हात द्या. काकांच्या कासवाला तो हात अजून आम्हीच देतो, त्याचे पैसे घेत नाही.