हार्टफर्डच्या बर्फात तीन दिवस पंच म्हणून

मी मूळची लोणावळ्याची. मुंबई-पुणे सायकल शर्यत बोरघाट चढून वर यायची तेव्हा बाबा मला रस्त्याच्या कडेला घेऊन उभे राहायचे. ‘घाटाचा राजा’ कोण होतो याकडे सगळ्यांचं लक्ष. मला मात्र रेषेजवळ वही घेऊन उभा असलेला माणूस आठवतो. सायकली सुसाट निघून जायच्या आणि तो मान वर न करता भराभर आकडे उतरवत राहायचा. पुढे न्यू जर्सीत आल्यावर सायकल शर्यतींच्या पंचांसाठी प्रशिक्षण असतं असं कळलं, तेव्हा पहिला तोच माणूस डोळ्यांसमोर आला. मी नाव नोंदवलं. एक दिवसाचा वर्ग, परीक्षा, पार्श्वभूमीची तपासणी, मग परवाना. नंतर काही वर्षं गावोगावच्या लहान शर्यती.

जानेवारी 2017 मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय सायक्लोक्रॉस स्पर्धा कनेटिकटमधल्या हार्टफर्डला होती, नदीकाठच्या रिव्हरसाइड पार्कमध्ये. शेवटच्या तीन दिवसांसाठी मला बोलावणं आलं. सायक्लोक्रॉस म्हणजे गवत, चिखल, चढ-उतार अशा आखलेल्या वाटेवर फेऱ्या मारायच्या. मध्ये 40 सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या आडव्या फळ्या, तिथे उतरून सायकल उचलायची आणि पळायचं. या खेळाचा मोसमच थंडीचा. बर्फ पडला म्हणून शर्यत थांबत नाही.

शनिवारी वादळ येणार असा अंदाज होता. म्हणून शुक्रवारी पहाटेच निघाले. न्यू जर्सीतल्या एडिसनहून टॅपन झी पूल ओलांडून पुढे 84 नंबरचा हायवे धरायचा, साधारण तीन तास. डिकीत फावडं, घोंगडी आणि चाकाखाली टाकायला वाळूची पिशवी. आई फोनवर म्हणाली, “अगं, तुला सायकल चालवायची नाहीये ना? मग एवढ्या बर्फात कशाला जातेस?” तिला म्हटलं, चालवणारे येणारच आहेत, त्यांचे नंबर कुणीतरी लिहायला हवेत.

सामानाबद्दल सविस्तर सांगते, कारण पहिल्या दोन हिवाळ्यांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. चालवणारा पळतो, तापतो. पंच एका जागी सात-आठ तास उभा असतो आणि थंडी जमिनीतून वर चढते. म्हणून पायाखाली टाकायला जाड फोमची चटई. बूट एक माप मोठे, कारण दोन जोड लोकरी मोजे घालून बूट घट्ट झाले की रक्त पुढे जात नाही आणि बोटं आधी बधिर होतात. हातात आधी पातळ मोजे, वरून जाड. लिहायच्या वेळी फक्त वरचे काढायचे. बॉलपेनची शाई थंडीत घट्ट होते, म्हणून 2बी पेन्सिली, त्याही चार. शिट्टी धातूची नको, ओठांना चिकटते. आतला मणी श्वासाच्या वाफेने गोठतो, म्हणून बिनमण्याची प्लास्टिकची. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून, नाहीतर बॅटरी तासाभरात मान टाकते. आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा.

शुक्रवारी आणि शनिवारी मी अंतिम रेषेवर होते. वेळ नोंदवणाऱ्या चिप असतात, कॅमेरा असतो, तरी हातानेही क्रम लिहायचाच. चिप पडते, कॅमेऱ्याच्या काचेवर बर्फ साचतो. एकाने नंबर म्हणायचे, दुसऱ्याने मान खाली घालून लिहायचे. इथे मराठी डोक्याची एक खरी अडचण आहे. आपण 73 ला त्र्याहत्तर म्हणतो, तीन आधी आणि सत्तर नंतर. थकव्यात कुणी इंग्रजीत ‘सेव्हन्टी थ्री’ म्हणालं आणि मनात त्र्याहत्तर उमटलं, की हात 37 लिहायला निघतो. एका जुन्या शर्यतीत मी तसं लिहिलं होतं आणि एका मुलाला त्याच्या जागेसाठी अर्धा तास भांडावं लागलं. तेव्हापासून जोडीदाराला सुरुवातीलाच सांगते: आकडे सुटे म्हणायचे, सात, तीन. शनिवारी बर्फ सुरू झाला, पाठीवरचे नंबर झाकले गेले, तेव्हा आम्ही दंडावरच्या लहान नंबरांवर भागवलं. तेही दिसेनात तेव्हा हेल्मेटचा रंग लिहून ठेवला आणि नंतर ताडून पाहिला.

रविवारी मला ऐंशी टक्क्यांच्या जागेवर उभं केलं. या कामाचं माझ्या मनावर दडपण येतं. सगळ्यांत पुढे असलेल्याच्या पहिल्या फेरीला सात मिनिटं लागली असतील, तर त्याचे ऐंशी टक्के म्हणजे 5 मिनिटं 36 सेकंद. फेरीअखेरीस जो त्याहून मागे पडला, त्याला अंतिम सरळ पट्ट्याच्या आधीच शर्यतीबाहेर घ्यायचं, म्हणजे पुढचे येऊन त्याच्यात अडकणार नाहीत. शेवटच्या फेरीत हा नियम नसतो. बाहेर घेतलेल्यांचाही निकालात क्रम लागतो, किती फेऱ्या राहिल्या ते लिहून.

पारा दिवसभर शून्याच्या वर आला नाही. त्या दिवशीच्या एका शर्यतीत एक बाई आदल्या फेरीला जेमतेम आठ सेकंदांनी वाचली होती. पुढच्या फेरीला ती वळणावर दिसली तेव्हा माझ्या घड्याळात मुदत टळून गेली होती. पापण्यांवर बर्फ, गुडघ्याला खरचटलेलं. मी शिट्टी वाजवून हात आडवा केला. ती थांबली, सायकलवरच वाकली. मग विचारलं, “माझ्या मागे कुणी आहे का?” मी पाटीवर पाहिलं आणि म्हटलं, “तिघी.” तिने मान हलवली आणि दोरीखालून बाहेर गेली.

त्या दिवशी महिलांमध्ये केटी कॉम्प्टनने सलग तेरावं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि पुरुषांमध्ये स्टीफन हाइडने त्याचं पहिलं. दोघांचेही विजयी क्षण मी पाहिले नाहीत. माझी जागा वळणाच्या अलीकडे होती आणि नजर मागून येणाऱ्यांवर. लोकांचा जल्लोष तेवढा ऐकू आला.

संध्याकाळी तंबूत हीटरजवळ बसून आम्ही हाताचे कागद चिपच्या यादीशी ताडले. बोटांत जीव परत येताना ती फार दुखतात, पेन्सिल नीट धरता येत नव्हती. त्या बाईचा नंबर मी बोट ठेवून शोधला. तिच्या नावाखाली तीन नावं होती. मी सही केली आणि कागद मुख्य पंचांकडे दिला.