डॅकवरचा आकडा

माझ्या डॅकला, म्हणजे डिजिटल गाण्याचा स्पीकरला कळेल असा सिग्नल करणाऱ्या डबीला, एक चिमुकला डिस्प्ले आहे. गाणं सुरू झालं की त्यावर सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने येताहेत तो आकडा उमटतो. बहुतेकदा ४४.१, कधी ९६, आणि नशीब जोरावर असेल तर १९२. खुर्ची दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, दिवे मंद केलेले, आणि मी गाणं सोडून त्या पट्टीकडे डोळे लावून बसलेला. ९६ दिसलं की आवाज मोकळा, हवेशीर वाटायचा. ४४.१ दिसलं की कोंदट. मग आपण घेतलेली गाण्यांची स्ट्रीमिंग सेवाच कमअस्सल, असं मनाने घेतलं आणि मी दुसरी शोधायला निघालो.

खरं तर ४४.१ काही हलक्यातलं नव्हे. १९८२ साली सीडी आली ती याच आकड्यावर. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. माणसाच्या कानाची धाव ऐन तारुण्यातही साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत, आणि तेवढं पकडायला त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने पुरतात. (माझे कान तर आता बरेच अलीकडे थांबतात.) डावा-उजवा मिळून हा ऐवज सेकंदाला १,४११ किलोबिट भरतो. एमपी३ त्यातलं ‘हे कुणाला ऐकू येणार’ असं वाटेल ते टाकून देतं आणि चांगल्यातलं चांगलं ३२० वर आणतं. फ्लॅक नावाचा फाइलचा दुसरा प्रकार काहीच टाकत नाही. नुसती नीट घडी घालतो. फाइल बरीच आटोपशीर होते आणि उलगडली की जशीच्या तशी.

पूर्वी असं काहीच न गमावणारं, म्हणजे लॉसलेस, हवं म्हटलं की चार नावं पुढे यायची, टायडल, कोबझ, डीझर वगैरे, आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत. २०२१ मध्ये ॲपलने ते जादा पैसे न घेता देऊ केलं, ॲमेझॉननेही लगोलग तेच केलं. स्पॉटिफायने त्याच वर्षी फेब्रुवारीत घोषणा केली आणि प्रत्यक्षात आणलं सप्टेंबर २०२५ मध्ये. वरातीमागून घोडं, पण आलं एकदाचं. म्हणजे आता लॉसलेस आहे की नाही हा प्रश्नच उरलेला नाही, आणि माझ्यासारख्या माणसाची पंचाईत नेमकी तिथेच होते.

मी दोन सेवांचे चाचणी महिने एकदमच सुरू केले. पहिल्याच संध्याकाळी निकाल लागला. दुसरीचा बेस भरदार, गायिका जणू हातभर पुढे येऊन उभी. दोन दिवस मी हे भेटेल त्याला सांगत सुटलो. तिसऱ्या दिवशी सेटिंग्ज चाळताना दिसलं की पहिल्या ॲपमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणण्याची सोय चालू होती, म्हणून ते जरा हळू वाजत होतं. किंचित मोठा आवाज कानाला ‘चांगला’ वाटतो, हे ऐकून माहीत होतं. ते बंद केलं, दोन्हींची पातळी जुळवली, आणि गायिका मुकाट्याने मागे जाऊन उभी राहिली.

मग लेकीला कामाला लावलं. मी डिस्प्लेकडे पाठ करून बसायचं, तिने एकच गाणं कधी ३२० वर तर कधी लॉसलेसवर लावायचं. “बाबा, आता कुठलं?” दहापैकी सहा बरोबर आले. मला जरा बरं वाटलं, तर ती म्हणाली, नाणं उडवलं असतं तरी एवढे आले असते.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट तिला सांगितलेली नाही. आधीचे चार महिने मी ज्याला लॉसलेस समजून डोलत होतो, ते फोनवरून ब्लूटूथने ॲम्प्लिफायरला जात होतं. ब्लूटूथ वाटेत पुन्हा काटछाट करतं. आकडा डॅकवर उमटतच होता, फक्त तो गाण्याचा नव्हता, ब्लूटूथने जे काही पोचवलं त्याचा होता.

शेवटी निवडली ती सेवा भलत्याच कारणांसाठी. तिचं ॲप फोनला मध्ये न घेता थेट ॲम्प्लिफायरलाच इंटरनेटवरून गाणं ओढून घ्यायला लावतं, त्यामुळे फोन वाजला तरी गाणं अडत नाही. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाताना टाळ्या मधेच तुटत नाहीत. आणि मुख्य म्हणजे माझ्या एका लाडक्या अल्बमची जुनी आवृत्ती तिथे आहे. दुसरीकडे त्याची नवी, ‘रीमास्टर’ केलेली तेवढी होती. हळू जागा वर ओढून सगळंच एका पट्टीत ओरडतं केलेली. ते ओरडणं २४ बिट, ९६ किलोहर्ट्झमध्ये ऐकलं, एक कणही न गमावता. इतका फरक मला कुठल्याच फॉरमॅटमध्ये जाणवला नव्हता.

डिस्प्ले आता बंद ठेवतो, तशी सोय आहे त्यात. काल रात्री त्याच अल्बममधला शेवटचा पियानो लावला होता. सूर विरत विरत जातो, विरतो, आणि संपला की अजून आहे कळत नाही अशा जागी आम्ही दोघं श्वास धरून बसलो होतो. नेमका तेव्हाच फ्रिज घरघरायला लागला.

“हा पण लॉसलेस आहे, बाबा,” लेक म्हणाली.