‘व्हाय डिड यू स्टॉप?’

मी मोठ्या माणसांना स्पोकन इंग्लिश शिकवते, म्हणजे बॅचमध्ये सगळे नोकरी करणारे, दिवसभर राबून संध्याकाळी येऊन बसणारे. त्यात एक सिस्टर आहेत, वॉर्डात बरीच वर्षं काढलेल्या, कामात एकदम तयार. परवा त्या आल्या त्याच वैतागून. परदेशातल्या नोकरीसाठी ऑनलाइन इंटरव्ह्यू झाला होता आणि तो मध्येच कुठेतरी बिनसला होता, पण का ते त्यांना काही केल्या कळत नव्हतं.

“मॅम, सगळं छान चाललं होतं हो, नाइट शिफ्टचा विषय निघाला आणि मग ते लोक भलतंच काहीतरी विचारायला लागले.”

“काय विचारलं? जसंच्या तसं सांगा.”

“व्हाय डिड यू स्टॉप? आता मी कुठे काय थांबवलंय? मी म्हटलं, नो नो, आय ॲम डुइंग. तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले.”

मग मी त्यांना त्याच्या आधीचं त्यांचं स्वतःचं वाक्य आठवायला लावलं. ते होतं, आय यूज्ड टू वर्क नाइट शिफ्ट्स. ऐकलं आणि सगळा उलगडा झाला. त्यांना सांगायचं होतं मला रात्रपाळीची सवय आहे, आणि समोर पोचलं मी पूर्वी रात्रपाळी करायचे, आता करत नाही. म्हणजे जो त्यांचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट, तोच त्यांनी आपल्या तोंडाने खोडून टाकला होता.

मला या चुकीचा खरंच राग येतो, कारण ती चूक म्हणून दिसतच नाही. ‘ही गो’ म्हटलं तर समोरच्याला लगेच कळतं की भाषा कच्ची आहे आणि तो सांभाळून घेतो. पण सिस्टरांचं वाक्य व्याकरणाने शंभर टक्के बरोबर होतं, फक्त अर्थ उलटा. मग कोण कशाला दुरुस्त करेल? समोरचा ते खरं धरून पुढे जातो, आणि नंतर ‘आय ॲम डुइंग’ ऐकलं की त्याला वाटतं ही बाई आपलं बोलणं फिरवतेय.

त्या दिवशी मी ठरवलेला धडा बाजूला ठेवला आणि दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिली. आय यूज्ड टू वर्क नाइट्स. आय ॲम यूज्ड टू वर्किंग नाइट्स. फरक दोनच ठिकाणी, मधला ‘ॲम’ आणि शेवटचा ‘आयएनजी’, आणि भरभर बोलताना नेमका तो ‘ॲम’ आपण गिळतो. त्यात ‘यूज्ड टू’चा उच्चार दोन्हीकडे सारखाच, ‘यूस्टू’ असा, त्यामुळे कानाला फारशी मदत होत नाही.

सिस्टर म्हणाल्या, “पण मॅम, टूच्या पुढे आयएनजी कसं? आम्हाला तर टूपुढे साधं क्रियापद शिकवलंय.”

प्रश्न अगदी रास्त होता. यावर मी ‘इट’ लावून बघायला सांगते. आय ॲम यूज्ड टू इट, चाललं ना? म्हणजे इथला टू प्रीपोझिशन आहे, त्याच्यापुढे नाम येतं, आणि क्रियापद आलं तर ते आयएनजी लावूनच येतं. लुक फॉरवर्ड टूचं पण तसंच. आता आय यूज्ड टू इट म्हणून बघा, वाक्य लंगडं पडतं, कारण तिथे टूला पुढे वर्क, लिव्ह, गो असं मूळ क्रियापदच लागतं.

मागून अकाउंट्सवाले काका म्हणाले, “मी तर रोजच्यासाठी पण आय यूज टू गो म्हणतो.” हे तर खूपजण म्हणतात. वर्तमानातल्या सवयीला यूज टू नाहीच, सरळ आय यूजुअली गो म्हणायचं. त्यांनी वहीत ‘डिडन्ट यूज्ड टू’ लिहिलं होतं ते पण तिथेच सुधारून घेतलं, डिडने भूतकाळ आधीच घेतलाय म्हणून यूज्डमधला डी जातो. हे फक्त लिहिताना दिसतं, बोलताना कुणाला कळणार नाही. किती वर्षं केलं ते सांगायचं असेल तर मात्र यूज्ड टू नको, आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स असं साध्या भूतकाळात सांगायचं.

मग राहिला ‘गेट’. ॲम यूज्ड टू म्हणजे सवय आहे, गेट यूज्ड टू म्हणजे सवय होणं, अंगवळणी पडणं. नर्सच्या इंटरव्ह्यूला माझ्या मते हाच सगळ्यात कामाचा, कारण नवा देश, नवं हॉस्पिटल, तिथे जमवून घ्याल का हे ते विचारणारच. आय विल गेट यूज्ड टू इट म्हणता आलं पाहिजे.

शेवटी मी पॅनेल झाले आणि त्यांना पुन्हा तोच प्रश्न विचारला, आर यू ओके विथ नाइट शिफ्ट्स? सिस्टर जरा थांबल्या, मग एकेक शब्द सुटा करत बोलल्या. आय वॉजन्ट यूज्ड टू देम ॲट फर्स्ट. आय गॉट यूज्ड टू वर्किंग नाइट्स इन अ फ्यू मंथ्स. नाऊ आय ॲम यूज्ड टू इट. ‘ॲम’वर तर एवढा जोर दिला की काकांनी टाळ्या वाजवल्या. मी लगेच उलटा प्रश्न टाकला, व्हॉट डिड यू यूज टू डू बिफोर? तर न अडखळता उत्तर आलं, आय यूज्ड टू वर्क इन द चिल्ड्रन्स वॉर्ड, नाऊ आय वर्क इन आयसीयू.

त्यांचा पुढचा इंटरव्ह्यू लागलाय, आणि तोवर रोज बॅचच्या सुरुवातीला मी त्यांना नाइट शिफ्टबद्दलच विचारणार आहे.