प्रिन्स ऑफ पर्शियात पडल्यावर काय होतं

परवा प्रिन्स ऑफ पर्शिया या व्हिडिओ गेम सिरीजमधला लॉस्ट क्राउन संपवला (२०२४ चा, मी जरा उशिराच घेतला) आणि तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय की या सिरीजमधला सगळ्यात भारी गेम कोणता. दादाला फोन केला तर म्हणे, काय बोलून राहिलास, पहिलाच ना!

त्याचंही बरोबर आहे. आमच्या इंदूरच्या घरी, रामबागेत, पहिला कॉम्प्युटर आला त्याच्यावर तोच डॉसवाला प्रिन्स होता. मूळ गेम जॉर्डन मेकनरने १९८९ मध्ये काढला आणि प्रिन्सचं पळणं, उड्या सगळं स्वतःच्या भावाचं शूटिंग करून त्यावरून काढलं, म्हणून तो माणसासारखा धडपडतो. ६० मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं, काट्यांवर पडलात की लेव्हल पहिल्यापासून, पण घड्याळ मात्र मागे जात नाही. त्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता यायचं नाही, आणि सेव्ह तिसऱ्या लेव्हलपासूनच, त्यामुळे तिथे पोचल्या पोचल्या दादा आधी कंट्रोल जी दाबायचा.

तरी माझं मत सॅण्ड्स ऑफ टाइमलाच. २००३. इथे वेळ तुमच्या हातातल्या खंजिरात असते, पडलात की बटण दाबा आणि प्रिन्स उलटा वर येतो, पण खंजिरातली वाळू संपली की संपलं, म्हणून प्रत्येक उडीला जीव मुठीत असतो. मेलात तर प्रिन्सच म्हणतो, नाही नाही, असं नव्हतं झालं, कारण अख्खा गेम म्हणजे तो फराहला सांगत असलेली गोष्ट आहे. फराह आपल्याकडच्या महाराजाची मुलगी. आणि शेवटी वेळ मागे गेल्यामुळे तिला तो आठवतच नाही!! मी त्या रात्री जेवलो नव्हतो.

वॉरियर विदिन (२००४) लोकांना फार काळाकुट्ट वाटतो, मला आवडतो, फक्त दहाका नावाच्या राक्षसासाठी. तो मागे लागला की त्याला अडवणारं, पडद्यासारखं पडणारं पाणी गाठेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. टू थ्रोन्स ठीक. फरगॉटन सॅण्ड्समध्ये पाणी गोठवून त्यावर चढायचं तेवढंच लक्षात राहिलंय.

२००८ च्या गेमवर मात्र अन्याय झालाय. त्यात तुम्ही मरतच नाही, दर वेळी सोबतची एलिका हात धरून वर ओढते, म्हणून सगळे सोपा सोपा म्हणाले. भीती गेली हे खरं, पण इतक्या वेळा जिने वाचवलं ती शेवटी मरते आणि तिला परत आणायला प्रिन्स सगळी केलेली मेहनत स्वतःच्या हाताने मोडतो, तेव्हा तो हात आठवतो. हे दुसऱ्या कुठल्या भागात नाही.

लॉस्ट क्राउनमध्ये हिरो प्रिन्स नाहीच, सार्गोन आहे, आणि खड्ड्यात पडलात तर थोडा जीव कापून लगेच काठावर आणून ठेवतात. पण गेम परत बाजूने दिसणारा झालाय, अगदी डॉसवाल्यासारखा. दादा दिवाळीला येतोय, कंट्रोलर चार्ज करून ठेवणार आहे.