लीड, लेड आणि शिसपेन्सिल

निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी आमच्याकडे टीव्ही सकाळी आठला सुरू होतो तो रात्रीची जेवणं झाली तरी बंद होत नाही. यावेळी पोहे खाता खाता आईने विचारलं, "अरे हे सारखं लीड लीड काय चाललंय? मघाशी म्हणाले लीड घेतलं, आता म्हणतायत लीड तोडलं." मी म्हटलं आघाडी गं, तेवढ्यात भाची पेन-पेन्सिल नाचवत आली, "मामा लेड संपलंय, पॉइंट फाइव्हचं आण ना!" रिकामी डबी हातात दिली, त्यावर तीच चार अक्षरं. एल ई ए डी.

मग काय, निकाल राहिला बाजूला, मी त्या शब्दाच्याच मागे लागलो.

स्पेलिंग एक असलं तरी हे दोन शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत. लीड हा जुन्या इंग्रजीतल्या 'लॅडन'वरून आला आणि तो 'लीथन' म्हणजे जाणे, प्रवास करणे, त्याचं प्रयोजक रूप. शाळेत शिकलो होतो बघा, बसणे-बसवणे, चालणे-चालवणे, तसंच. म्हणजे लीड करणे म्हणजे मुळात दुसऱ्याला चालायला लावणे, सोबत घेऊन जाणे. सगळ्यांच्या पुढे असणे हा टीव्हीवरचा अर्थ नंतर चिकटलाय. ब्रिटनमध्ये कुत्र्याच्या साखळीला पण लीड म्हणतात, आता त्यात नक्की कोण कोणाला नेतं हे ज्याने लॅब्रॅडॉर पाळलाय त्याला विचारा.

याच घराण्यातला शब्द म्हणजे लोड. त्याचा जुना अर्थ होता वाट, प्रवास, वाहून नेणं, आणि ओझं हा अर्थ त्यातूनच आला. वाट दाखवतो म्हणून ध्रुवतारा म्हणजे लोडस्टार, आणि होकायंत्रातल्या चुंबकाचा दगड लोडस्टोन. त्यामुळे टीम लीडवर लोड येतो ही आमच्या ऑफिसातली रोजची रड व्युत्पत्तीला धरूनच आहे म्हणायची.

पण मला खरी मजा आपल्याकडे बघून आली. नेता हा शब्द संस्कृतातल्या 'नी' धातूचा, आणि आपलं रोजचं नेणे पण तिथलंच. त्याला 'आ' लावला की आनयति, त्याचं झालं आणणे! म्हणजे कोथिंबीर आणणारा आणि देशाला पुढे नेणारा, धातू एकच. मुंजीतलं उपनयन म्हणजे बटूला गुरूच्या जवळ नेणं, लग्नपत्रिकेतला परिणय म्हणजे अग्नीभोवती फिरवून नेणं, नाटकातला अभिनय, नायक, विनायक, सगळी एकाच वाड्यातली मंडळी. "आम्हाला कुठे नेता?" यातला नेता क्रियापद आहे, पण निकालाच्या दिवशी तो नाम म्हणूनही चालून जातो.

स्पेलिंगचा वैताग मात्र सगळा लीडच्या भूतकाळात आहे. उच्चार लेड, पण लिहायचं ए न घालता, एल ई डी, बल्बसारखं. रीडच्या भूतकाळाचा उच्चार बदलतो आणि स्पेलिंग तेच राहतं, म्हणून लोक इथेही ए घालतात, मीही बायोडेटात घातला होता आणि तो तसाच तीन ठिकाणी जाऊन आलाय. आणि मिसलेड, म्हणजे दिशाभूल झालेला, हा शब्द पेपरात बघून मी कॉलेजपर्यंत मनातल्या मनात 'मिसळ्ड' असाच वाचायचो. मराठी मीडियम आणि वर भुकेची वेळ.

आता दुसरं लेड, म्हणजे शिसं. त्याचं लॅटिन नाव प्लंबम, त्यावरून प्लंबर, कारण रोमन लोकांचे पाण्याचे पाइप शिशाचे असायचे. पेन्सिलीत मात्र शिसं नसतंच. इंग्लंडमधल्या बॉरोडेलला सोळाव्या शतकात काळा, मऊ, कागदावर उमटणारा खनिज सापडला, लोकांना वाटलं हे शिशाचंच भावंड, आणि लेड हे नाव बसलं. 1779 साली शील नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हा तर कार्बन, पण तोवर नाव पक्कं झालं होतं. आणि आपण? आपण ती चूक जशीच्या तशी उचलली आणि शिसपेन्सिल म्हणायला लागलो!

खरं शिसं होतं ते छापखान्यात. माझे एक काका खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे, त्यांची बोटं कायम करडी. दोन ओळींमध्ये अंतर सोडायला शिशाच्या बारीक पट्ट्या घालायचे, त्यावरून ओळींमधल्या अंतराला लेडिंग म्हणतात. आमचा डिझायनर त्याला बिनधास्त लीडिंग म्हणतो. एकदा सांगून बघितलं, तो म्हणाला सर मॅटर वाढवू का कमी करू ते सांगा.

शेवटी खाली जाऊन लेडची डबी आणली. दुकानदाराने विचारलं एचबी का टूबी, मला माहीत नव्हतं, एचबी घेतली. वर आलो तर आई म्हणाली आपल्या इथलं लीड तुटलं रे. पाठोपाठ आतून भाचीचा आवाज, मामा माझं पण तुटलं.