दहाची जुडी, आठ सूत

वजाबाकीत "उसना घेतला" म्हटलं की आमच्या गणिताच्या बाई तिथंच थांबवायच्या. "उसनं परत करायचं असतं. तू कधी परत करतोस? जुडी सोडली म्हण." टेबलावर खराट्याच्या काड्या असायच्या, दहा-दहाच्या जुड्या सुतळीनं बांधलेल्या. ५२ वजा २७. दोनातून सात जात नाहीत. मग पुढं जाऊन पाचातली एक जुडी सोडायची, सुट्या दोन काड्यांत त्या दहा मिसळायच्या आणि बारातून सात उचलायच्या. सुट्या पाच उरल्या. जुड्या आता चारच, त्यातल्या दोन गेल्या. पंचवीस. सुतळीची गाठ लवकर सुटायची नाही, मागची मुलं उत्तर ओरडायची, पण बाईंनी कधी घाई केली नाही.

मी पुढं सुतारकामात आलो. आमच्याकडे फुटाचे इंच १२ आणि इंचाचे सूत ८. टेपवर सेंटिमीटर असले तरी बोलणं अजून सुतातच. शिकाऊ होतो तेव्हा एक आडवी पट्टी कापायची होती : ३ फूट २ इंच ३ सूत, त्यातून १ फूट ७ इंच ६ सूत वजा. तीनातून सहा जाईनात म्हणून शेजारचा एक घेतला आणि सवयीनं दहा मिळवले. तेरातून सहा गेले, सात सूत. पट्टी दोन सूत लांब निघाली, खाचेत बसेना. पुन्हा पुन्हा मोजलं, टेप बरोबर होती. मग एकदम ती सुतळीची गाठ आठवली. इंच सोडला की त्यातून आठ निघतात, दहा नाही! अकरातून सहा, पाच सूत. इंच उरला एकच, त्यातून सात जात नाहीत, म्हणून फूट सोडला, बारा निघाले. तेरातून सात, सहा इंच. १ फूट ६ इंच ५ सूत. माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांना आज मी एवढंच विचारतो : काय सोडलंस, त्यातून किती निघाले?

अपूर्णांकाचा भागाकार म्हणजे "उलटा करून गुणा", हे आम्हाला पाठ होतं. बाईंनी ३ मीटर दोरी आणली आणि पाऊण मीटरचे तुकडे करायला लावले. चार झाले. भागून उत्तर तीनापेक्षा मोठं कसं आलं? बाई म्हणाल्या, "मीटरचे चार पाव, तीन मीटरचे बारा. एका तुकड्याला तीन पाव लागतात." म्हणजे चारनं गुणलं, तीननं भागलं. ३/४ उलटा होतो तो असा, हे मला त्या दिवशी दिसलं.

समीकरणात "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" हे त्यांच्या तासाला चालत नसे. दोन्ही पारड्यांतून सारखंच काढायचं.

यंदा शाळेच्या ग्रंथालयासाठी मी कपाट केलं. रुंदी ६ फूट, सारखे पाच खण, उभ्या सहा फळ्या पाऊण इंची. खणाला क्ष धरला. ५क्ष + ४.५ = ७२. दोन्हीकडून साडेचार काढले, ६७.५ उरले, पाचनं भागलं. हे सगळं कपाटाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं. भिंतीला लावण्याआधी बाईंना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली, माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि १३.५ पुढं 'इंच' लिहिलं.